नऊ कोंबड्यांचा गणवेश

मास्तरांच्या परसात सहा कोंबड्या होत्या, आणि त्यांतल्या कॉलर नावाच्या कोंबडीपुढे खुद्द मास्तरांचंही काही चालत नसे.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. चाळीस वर्षं पायमशीन चालवून चालवून त्यांचा उजवा पाय झोपेतसुद्धा हलायचा. एकदा म्हणे पलंगच सरकत सरकत दारापर्यंत गेला होता. आसपासच्या अर्ध्या पोरांचे शाळेचे गणवेश त्यांनी शिवले होते आणि उरलेल्या अर्ध्यांना ‘उद्या नक्की’ असं सांगून ठेवलं होतं. कोंबड्यांची नावंही धंद्यातलीच: कॉलर, अस्तर, काज, चुणी, नाडी आणि बटण. कॉलर अंगाने भुरी, गळ्याभोवती पांढरं कडं, आणि मान अशी ताठ की इस्त्रीतून आत्ताच काढलीय. पहिला दाणा तिचा, पाण्याचा पहिला घोट तिचा, खुराड्यातल्या वरच्या दांडीवरची उबेची जागा तिची. तिच्याखाली अस्तर, अस्तरखाली काज, आणि असं उतरत उतरत सगळ्यांत शेवटी बटण. बटणला पाचही जणी टोचायच्या. तिला टोचायला खाली कुणी उरलंच नव्हतं, म्हणून ती मास्तरांच्या चपलेला टोचायची. मास्तर त्या बिचारीसाठी मुद्दाम चप्पल परसात विसरून यायचे.

असं सगळं आपापल्या जागी होतं. मग अक्का आली.

अक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण, सात वर्षांनी मोठी. ती ज्या घरात भाड्याने राहायची ते मालकाने पाडायला काढलं. मास्तर फोनवर सहज बोलल्यासारखं बोलून गेले होते, “ये गं इकडेच. घर मोकळंच आहे.” मोकळं कसलं, घर नुसतं घुमत होतं. बायकोला जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून घरात आवाज करणारं असं एक मशीनच होतं, आणि तेही तेल घातलं की गप्प. कुणीतरी आपल्यावर खेकसावं, ‘हात धुतलेस का’ म्हणून विचारावं, यासाठी मास्तरांचा जीव किती आसुसला होता हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. माणसाच्या पाठीचं माप ते नुसत्या नजरेने घ्यायचे, पण मनातलं बोलायची वेळ आली की त्यांचा टेप हरवायचा.

सोमवारी सकाळी अक्काचा मुलगा, म्हणजे मास्तरांचा भाचा, मालवाहू गाडीतून तिला घेऊन आला. दोन ट्रंका, एक कपाट, एक खुर्ची आणि झाकण बांधलेली एक मोठी टोपली. टोपलीतून तीन काळ्याभोर माना बाहेर आल्या.

“या माझ्या थोरली, मधली आणि धाकटी,” अक्का उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली. “आणि आत पाऊल टाकायच्या आधी सांगते, मागाहून तोंड वाकडं नको. या तिघी तुझ्या परसात नांदल्या तर मी नांदेन. माझ्या कोंबड्या जिथे मार खातील तिथे मी मिंधी होऊन राहायची नाही. सामान सोडणार नाही मी तोवर.”

“मामा, मी रविवारी गाडी घेऊन येतोच आहे,” भाचा घाम पुसत म्हणाला. “जमलं तर ठीक. नाही जमलं तर आईला माझ्याकडे नेतो. सहावा मजला आहे, पण लिफ्ट आहे. कोंबड्या काय, देऊन टाकू कुणाला तरी.”

“तुलाच देऊन टाकते कुणाला तरी,” अक्का म्हणाली.

मास्तरांना म्हणायचं होतं, अगं, कोंबड्या गेल्या खड्ड्यात, तू राहा. तोंडातून बाहेर आलं ते असं, “आधी चहा घे.”

चहा झाला आणि मास्तरांनी, शुभस्य शीघ्रम् म्हणत, टोपलीचं झाकण परसाच्या मधोमध उघडलं.

त्यानंतर जे झालं त्याला भांडण म्हणणं म्हणजे वादळाला वारा म्हणणं. तिघी बाहेर पडून अंग झाडतात न झाडतात तोच कॉलरने मान खाली घातली, पिसं फुलवली आणि बाणासारखी सुटली. तिच्यामागे अस्तर, अस्तरमागे काज. आणि सगळ्यांत मागून, आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याहून खालची कुणीतरी मिळाली या आनंदात, बटण! थोरली पाण्याच्या टपात पडली, मधली मास्तरांच्या डोक्यावर चढली, धाकटी भिंतीवरून पलीकडे, शेजारी राहणाऱ्या कंपाउंडरच्या अंगणात गेली. त्या दिवशी इतकी पिसं उडाली की पलीकडच्या आळीत दोन उशा भरल्या गेल्या, असं आजही लोक सांगतात. उशा मी पाहिलेल्या नाहीत. पण थोरलीच्या तुऱ्यातून रक्त आलं ते खरं.

कंपाउंडर धाकटीला बगलेत मारून भिंतीशी आला. जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली काढलेला माणूस. डॉक्टर तीन बदलले, हा तिथेच. त्याच्या खिशात जखमेवर लावायच्या जांभळ्या औषधाची बाटली कायम असायची.

“मास्तर, हे काय केलंत? सून घरात आणतानासुद्धा माणूस दाराशी थांबवतो जरा,” तो म्हणाला. “मधे जाळी लावा. पंधरा दिवस, तीन आठवडे नुसतं एकमेकींना बघू द्या. तोंडओळख झाली की आपोआप मिसळतात.”

“रविवारपर्यंत नाही का होणार?”

“रविवारपर्यंत तुमच्याकडून साधी पॅंट होत नाही मास्तर, आणि कोंबड्यांची गोष्ट करता!”

अक्काने थोरलीच्या तुऱ्याला औषध लावलं. जांभळ्या तुऱ्याची ती कोंबडी मांडीवर घेऊन ती मागच्या पायरीवर बसून राहिली. मास्तरांकडे बघितलंसुद्धा नाही. बहिणीचं ते न बघणं मास्तरांना लहानपणापासून ठाऊक होतं. त्यापेक्षा तिने चपराक मारलेली परवडायची.

मंगळवारी मास्तरांनी जाळी लावली. जाळी म्हणजे घरातली जुनी मच्छरदाणी. पण हात शिंप्याचा, साधी कशी लावेल? वर दोरी ओवायला नेफा घातला, खाली पट्टी मारली, दोन्ही टोकांना चुण्या काढल्या. एवढी नाजूक जाळी बघून कॉलरला आणखीच चेव आला असावा. दुपारपर्यंत तिने जाळीला असं भोक पाडलं की त्यातून तिची मान पलीकडे गेली, आणि मधलीची शेपटी अलीकडे आली. निम्मी.

बुधवारी कंपाउंडर म्हणाला, “मग एकच उपाय. दिवेलागणीला, सगळ्या दांडीवर डुलक्या घेत असताना, गुपचूप तिघींना मधे नेऊन बसवा. सकाळी उठल्यावर त्यांना वाटतं, या इथल्याच.”

“इतक्या बावळट असतात?” अक्काने विचारलं.

“अक्का, माणसंसुद्धा असतात. आमच्या दवाखान्यात एक जण असाच येऊन बसायला लागला. दोन वर्षांनी कळलं, तो नोकरीला नाहीच.”

केलं तसं. अंधार पडता पडता भाऊबहीण दोघं वाकून, श्वास रोखून, तिन्ही काळ्या कोंबड्या दांडीवर ठेवून आली. मास्तरांच्या गुडघ्याचं हाड कट्‌कन वाजलं तेव्हा अक्काने त्यांना असा चिमटा काढला की पन्नास वर्षांपूर्वीचा चिमटा आठवला. बरं वाटलं त्यांना. पण उजाडल्याबरोबर खुराड्यात जो कल्लोळ उठला त्याने समोरच्या घरातलं तान्हं पोर जागं झालं, आणि त्या पोराच्या आवाजाने उरलेली आळी. कॉलर झोपेतून उठली होती, पण बावळट उठली नव्हती.

गुरुवारी सकाळी अक्काने फोनवर मुलाला सांगितलेलं मास्तरांनी दुकानातून ऐकलं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. “हो, ये रविवारी. नाही, तो काही बोलत नाही. त्याचं काय, तो आपला मशीनवर बसलेला असतो.”

मास्तर खरोखरच मशीनवर बसले होते. सुईत दोरा होता आणि कापड नव्हतं, तरी पाय चालले होते. समोरच्या फळीवर शाळेच्या गणवेशाचा उरलेला तागा पडला होता, निळ्या-पांढऱ्या चौकटीचा. त्याच्याकडे बघता बघता मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला. असा प्रकाश देव शत्रूच्याही डोक्यात न पाडो.

“अक्का!” ते ओरडत मागे आले. “गणवेश!”

“काय झालं गणवेशाला?”

“अगं, शाळा गणवेश कशाला घालते? श्रीमंताचं कोण, गरिबाचं कोण, जुनं कोण, काल आलेलं कोण, काही कळू नये म्हणून! चाळीस वर्षं मी दुसरं काय शिवतोय? नवं पोर पहिल्या दिवशी घरच्या कपड्यात गेलं तर सगळी मिळून त्याला पिडतात. गणवेश चढवला की पोर गर्दीत गडप. त्या काळ्या, या भुऱ्या, म्हणून तर ओळखू येतात. सगळ्यांना एका कापडाचे अंगरखे घातले तर?”

अक्काने भावाकडे बराच वेळ बघितलं. डोकं फिरलेल्या माणसाकडे बघतात तसं आधी, आणि मग तिच्या ओठांचा एक कोपरा हलला.

“कोंबडीला बाहीचा मुंढा कुठे काढशील रे?” ती म्हणाली.

तो गुरुवार आणि तो शुक्रवार! मास्तरांना विचाराल तर त्या दोन दिवसांवर ते अजून जगतायत. अक्का एकेक कोंबडी धरायची, मास्तर टेप लावायचे. छाती अमुक, घेर तमुक, पंखाला मोकळीक दोन बोटं. मापं लिहायची कामगिरी भिंतीवर बसलेल्या कंपाउंडरने घेतली. “कॉलर, छाती साडेअकरा. मास्तर, ही श्वास रोखून उभी आहे, अर्धा इंच वाढवा.” चुणीने टेपच गिळायला घेतला, सहा इंचापर्यंत गेला होता, ओढून काढावा लागला. धाकटीने मास्तरांच्या बोटात घालायच्या अंगुस्तानात शी केली. नाडीचं माप दोनदा घेतलं गेलं आणि अस्तरचं एकदाही नाही, हे नंतर तिच्या पाठीवर कळलं.

माप झाल्यावर दुपारी दोघं समोरासमोर बसली. मास्तर मशीनवर, अक्का जमिनीवर काज करायला. काज करायला मास्तरांना तिनेच शिकवलं होतं, ते नऊ वर्षांचे असताना, आणि अजूनही तिचं काज त्यांच्यापेक्षा सरळ पडायचं.

“तुझा टाका अजून तिरकाच,” ती म्हणाली.

“चाळीस वर्षांत एकही गिऱ्हाईक असं म्हणालं नाही.”

“गिऱ्हाईकाला कपडा मिळाला हेच नवल, तो टाके काय बघतोय!”

आणि ती हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मास्तरही हसले. हसता हसता त्यांना वाटलं, आत्ता म्हणावं. आत्ताच. कोंबड्यांचं काहीही होवो, तू जाऊ नकोस, एवढंच तर आहे. त्यांनी तोंड उघडलं, दोरा दाताने तोडला आणि परत मिटलं. मी म्हणालो आणि ती म्हणाली, ‘कीव करतोस माझी?’ तर? अक्काला कीव चालत नसे. नवरा गेला तेव्हा भेटायला आलेल्यांना तिने दारातूनच पाणी देऊन परत पाठवलं होतं. त्यापेक्षा अंगरखे नीट होऊ देत. उद्या कोंबड्याच बोलतील.

शनिवारी सकाळी नऊच्या नऊ गणवेश तयार झाले. मास्तरांच्या हातून ठरल्या दिवशी काम पुरं झाल्याची ती पहिलीच वेळ, आणि बातमी फुटल्यामुळे बघायला भिंतीपलीकडे चारदोन माणसंही जमली. कोंबडीला अंगरखा घालायला दोन माणसं लागतात आणि तिसऱ्याला कान झाकावे लागतात, कारण नको ते शब्द निघतात. पण घातले. पोटाखाली दोन बटणं, गळ्याशी एक. जांभळा तुरा दिसू नये म्हणून थोरलीला टोपडं, आणि मग एकीलाच कसं म्हणून सगळ्यांना टोपडी. खुराड्याचं दार उघडलं.

नऊ निळ्या-पांढऱ्या कोंबड्या परसात आल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या.

पहिली पाच मिनिटं चिडीचूप. कुणी कुणाला टोचेना. कुणी दाण्यालाही तोंड लावेना. मास्तरांनी अक्काकडे बघितलं, अक्काने मास्तरांकडे. “काय?” ते हळूच म्हणाले. “बघितलंस?” अक्काने त्यांचा हात धरला होता. धरला होता हे तिच्या लक्षात नव्हतं, त्यांच्या होतं.

मग कॉलर एक पाऊल पुढे आली. तिने डावीकडे बघितलं: एक अनोळखी. उजवीकडे: अनोळखी. मागे: अनोळखी. ज्या अस्तरबरोबर तिने चार वर्षं दांडी वाटून घेतली ती शेजारीच उभी होती, पण टोपड्यात तिचा तुरा दिसेना, अंगरख्यात रंग दिसेना. कॉलरच्या हिशेबी परसात एकदम आठ परक्या कोंबड्या घुसल्या होत्या. आणि अस्तरच्याही हिशेबी आठ. काजच्याही आठ.

ती पहिल्यांदा कुणावर धावली हे सांगणं कठीण. कारण त्याच क्षणी सगळ्याच सगळ्यांवर धावल्या. सोमवारी निदान दोन बाजू होत्या. आता नऊ होत्या. अस्तरने काजला लोळवलं, काजने चुणीला, मधलीने सख्ख्या थोरलीचं टोपडं ओढून फाडलं. आणि त्या धुमाळीत बटणने, जन्मभर मार खाल्लेल्या त्या बटणने, समोर येईल त्या एका अंगरख्याच्या गळ्याशी कचकन चोच मारली. टोपडं निसटलं. आतून पांढरं कडं बाहेर आलं. ती कॉलर होती.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. बटणला वाटलं, आता आपण संपलो. पण कॉलरच मागे सरली. मागे सरत सरत ती कुंडीच्या आडोशाला गेली आणि तिथे मान आखडून बसली.

“मास्तर,” भिंतीवरून कंपाउंडर म्हणाला, “तुमच्याकडे नव्या कोंबड्या तीन होत्या. तुम्ही त्यांच्या नऊ केल्यात!”

भिंतीपलीकडचे लोक हसले. अक्काने हात सोडला.

संध्याकाळपर्यंत चिंध्या गोळा करण्यात गेला वेळ. सत्तावीस बटणांपैकी एकोणीस सापडली; उरलेली कुणाच्या पोटात गेली ते कोंबड्यांनाच माहीत. खुराड्यात शिरल्यावर एकेकीचा अंगरखा काढला.  झोपायच्या आधी अक्काने आपली खुर्ची स्वतःच ओढत ओढत दारापाशी नेऊन ठेवली.

रविवारी दुपारी भाचा आला. गाडी भाड्याची, चारला परत द्यायची, म्हणून तो घाईत होता. सामान चढलं. कोंबड्या मात्र धरता येईनात. कालपासून माणसाचा हात दिसला की नऊच्या नऊ जणी जीव घेऊन पळायच्या; हातात फडकं असेल तर थेट छपरावर. भाच्याने दोनदा झडप घातली, एकदा टपात पडला.

“राहू दे,” अक्का शेवटी म्हणाली. “थकलास.”

“पुढच्या रविवारी पिंजरा घेऊन येतो मामा,” भाचा शर्ट पिळत म्हणाला. मग जरा थांबला. सरळ मनाचा पोरगा. “मामा, तुम्हाला काही म्हणायचं असेल तर म्हणा. आई काही माझ्याकडे नाचत येत नाहीये.”

अक्का गाडीत पुढे बसली होती. तिने ऐकलं. मान वळवली नाही, पण वाट बघत असल्यासारखी ती थोडी मागे कलली.

मास्तरांनी गाडीतल्या कपाटाकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, “कपाटाखाली पोतं घाल. नाहीतर घासलं जाईल.”

गाडी गेली. मास्तर आत येऊन मशीनवर बसले. तेल संपलं होतं, पण घातलं नाही. करकरू दिलं.

आता पुढचे तीन दिवस परसात काय चाललं होतं ते मास्तरांनी आधी पाहिलंच नाही. दाणे टाकायचे आणि आत यायचे. त्यामुळे कॉलरने वरची दांडी सोडल्याचं त्यांना कळलं नाही. तिथे आता कोण बसतं याचा पत्ता कुणालाच नव्हता, कारण कोण वर आणि कोण खाली हे त्या धुमाळीत सगळ्याच जणी विसरून गेल्या होत्या. सोमवारी नऊ जणी नऊ कोपऱ्यांत खात होत्या. मंगळवारी चार कोपऱ्यांत. बुधवारी थोरली आणि अस्तर एका खड्ड्यात धूळ अंगावर घेत पडल्या होत्या. गुरुवारी सकाळी मास्तर पाणी बदलायला गेले, तर दाण्यांच्या परातीभोवती नऊ शेपट्या बाहेर आणि नऊ माना आत. त्यांनी तीनदा मोजल्या. मग धावत फोन आणला.

“अक्का, खातायत!”

“कोण?”

“नऊच्या नऊ. एका परातीत. बटण कॉलरच्या शेजारी आहे, आणि मधली चुणीच्या अंगावरून मान घालून खातेय!”

“हो का,” पलीकडून आवाज आला. “आणि माझा ब्लाउज उद्या नक्की तयार आहे, होय ना?”

“अगं शपथ! कंपाउंडरला विचार.”

“त्याचे कपडे तू फुकट रफू करतोस. तो तुला खोटं पाडेल?”

“थांब, फोन तिकडे धरतो. ऐक.”

मास्तरांनी हात लांब करून फोन परातीवर धरला. चांगला मिनिटभर धरला. मग कानाला लावला. “ऐकलंस?”

“काय ऐकायचं? काहीच ऐकू आलं नाही.”

“तेच तर सांगतोय! भांडत असत्या तर आलं असतं.”

“तू परसात नाहीसच. दुकानात उभा आहेस.”

मास्तर हतबल झाले. गुण्यागोविंदाने खाण्याचा आवाज फोनवर कसा पोचवायचा? खरं बोलायची सवय नसलेल्या माणसाला खरं पटवून द्यायची वेळ आली की त्याची जी गत होते ती त्यांची झाली होती. तेवढ्यात, मघाशीच परात सोडून गेलेलं कुणीतरी खुराड्यातून ओरडलं. मोठ्याने, चढत्या सुरात, तालावर. बाकीच्या आठ जणींनी माना वर करून तोच सूर धरला. परस दणाणलं. मास्तरांनी कपाळाला हात लावला. संपलं. आता ही म्हणणार, मारतायत माझ्या पोरींना.



“ही धाकटी,” अक्का सावकाश म्हणाली. “धाकटीच. अंडं घातलं तिने.”

मास्तर वाकले, आत हात घातला. गरम होतं. “हो गं. घातलंय.”

“धास्तावलेली कोंबडी अंडं घालत नसते,” अक्का म्हणाली. आवाज बदलला होता तिचा. “जागा बदलली की महिना महिना घालत नाहीत. नांदल्या म्हणायच्या रे.”

“नांदल्या,” मास्तर म्हणाले. आणि अंडं मुठीत धरून, डोळे मिटून, एका दमात त्यांनी ते म्हणून टाकलं. “मग ये ना गं परत.”

पलीकडे लिफ्टची घंटी वाजली. कुणीतरी हसत बोलत गेलं.

“आता कशाला रे?” अक्का म्हणाली. रागाने नाही, अगदी मायेने म्हणाली, तिथेच घोटाळा झाला. “रविवारी तू काही बोलला नाहीस. म्हटलं, ओझं झालं असेल याला. कुठे त्याच्या डोक्यावर बसायचं? इथे वर गच्चीवर पाच जणी बसतात संध्याकाळी. पहिले दोन दिवस कुणी सरकून जागा दिली नाही. काल एकीने दिली. गुडघ्यांवरून विषय निघाला.” ती थोडी हसली. “या तिघींतच जीव अडकला होता माझा. रविवारी पिंजऱ्यात घालून आणायचं आणि कुणाला तरी देऊन टाकायचं म्हणून रात्रभर झोप नव्हती. आता नको न्यायला. तुझ्याकडे सुखात आहेत, मीही सुखाने राहते. फार मोठं काम केलंस हो बाळा.”

“अगं पण…”

“हात धू, अंडं घेतलंयस.”

फोन बंद झाला.

मास्तर परसात उभे राहिले. नऊ कोंबड्या परत परातीशी आल्या होत्या आणि खाली माना घालून, एकमेकींना खेटून, दाणे टिपत होत्या. मास्तरांनी इकडेतिकडे बघितलं. भिंतीवर कंपाउंडर नव्हता. ते खाली उकिडवे बसले.

“भांडा गं,” ते कुजबुजले. “एकीने तरी टोचा. तुमच्या पाया पडतो. कॉलर, अगं ही काळी बघ, तुझा दाणा खातेय!”

कॉलरने त्यांच्याकडे एका डोळ्याने पाहिलं आणि खात राहिली.

मग मास्तरांनी मूठभर मका घेतला, परातीच्या एकाच टोकाला ओतला आणि श्वास रोखून बघत राहिले. नऊ माना एकदम वळल्या. आणि त्या नऊ जणींनी, मास्तरांशी सात जन्मांचं वैर असावं तसं, एकमेकींना सरकून सरकून जागा करून दिली.